घाम आणि फुरसत
(बी. ए. द्वितीय वर्ष)

'व्यायामाचे महत्त्व' या विषयावर शाळेत निबंध लिहिला नाही, असा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात शोधूनही सापडणार नाही. मी तो तीनदा लिहिला. तिन्ही वेळा चांगले गुण मिळाले आणि तिन्ही वेळा त्यात सूर्यनमस्कार, दूध आणि पहाटेची स्वच्छ हवा होती. राजुऱ्याच्या रस्त्यावरून पहाटे कोळशाचे ट्रक जातात तेव्हा हवा कशी असते, हे निबंधात लिहायची पद्धत नव्हती. म्हणून त्याच जुन्या विषयावर, परंतु जरा वेगळे लिहावे असे यंदा ठरविले आहे. प्राध्यापकवर्गाने यात निबंधाचे गुण शोधू नयेत, ही विनंती.

विषय आहे मूत्राशयाच्या कर्करोगाचा, आणि व्यायामाने तो टळतो काय याचा. वार्षिकांकात हे कशाला, असे कोणी म्हणेल. आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाची भिंतीभिंतीवर चित्रे असतात. छातीच्या आणि गर्भाशयाच्या कर्करोगाविषयी आरोग्यसेविका घरी येऊन सांगतात. पण लघवीच्या जागेचा आजार म्हटला की माणसे आवाज खाली करतात. २०२२ साली जगात या रोगाचे सुमारे ६ लाख १४ हजार नवे रुग्ण नोंदले गेले. दर चार रुग्णांत तीन पुरुष. एवढ्या मोठ्या आजाराला आपल्या बोलीत धड नावही असू नये, याचे मला नवल वाटते.

आधी शास्त्र काय सांगते ते पाहू. २०१४ साली जर्मनीतील संशोधकांनी तोवर झालेल्या १५ अभ्यासांची एकत्र छाननी केली. त्यांत मिळून ५४ लाखांच्या आसपास माणसे होती. अधिक हालचाल करणाऱ्यांत मूत्राशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी कमी आढळले. पुढे २०१६ मध्ये अमेरिका व युरोपातील १४ लाख ४० हजार लोकांच्या नोंदींवरून २६ प्रकारच्या कर्करोगांचा असाच हिशेब मांडला गेला. तेथे मूत्राशयाच्या बाबतीत १३ टक्क्यांचा फरक निघाला. असे का व्हावे? हालचालीने चरबी घटते, इन्शुलिन ताब्यात राहते, शरीरातला मंद दाह कमी होतो, रोगाशी झगडण्याची ताकद वाढते, अशी कारणे दिली जातात. नेमके कोणते कारण मूत्राशयापर्यंत पोचते, हे अजून पक्के ठरायचे आहे. शिवाय रोज फिरायला जाणारा माणूस बहुधा विडीही कमी ओढतो. संशोधकांनी हा भाग वजा करण्याचा प्रयत्न केलेला असतो; तरी तो पूर्णपणे वजा झाला असेल, अशी खात्री कोणी देत नाही.

येथवर सारे ठीक. पण २०१६ च्या त्या अभ्यासात जी हालचाल मोजली आहे ती फुरसतीच्या वेळातली. चालणे, पळणे, पोहणे, आणि तेही स्वतःच्या इच्छेने. हा 'फुरसत' शब्द वाचला आणि मी तेथेच थांबले.

माझ्या मोठ्या बाबांना दोन वर्षांपूर्वी लघवीतून रक्त गेले. दुखत काहीच नव्हते. आमच्याकडे अशा वेळी एकच निदान असते : "उन्हाळी लागली असन, धन्याचं पाणी प्या, होते कमी." धन्या-जिऱ्याचे पाणी झाले, सब्जा झाला. रक्त थांबले, महिन्याने पुन्हा आले. मग एका खाजगी दवाखान्यात तीन महिने इंजेक्शने झाली. लघवी तपासायला कोणी सांगितले नाही. शेवटी नागपूरला नेले तेव्हा मूत्राशयात गाठ निघाली. दुर्बिणीने ती खरवडून काढली. हा रोग पुन्हा पुन्हा उगवतो म्हणून ते आजही ठरल्या वेळी तपासणीसाठी दीडशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून जातात. सुटी देताना तेथल्या तरुण डॉक्टरांनी सांगितले, "विडी सोडा, पाणी भरपूर प्या, आणि रोज थोडा व्यायाम करा." मोठे बाबा हसले. तीस वर्षे ज्याने दुसऱ्यांच्या वावरात वखर धरला, नंतर कोळशाच्या वॅगनवर फावडे चालविले, त्याला हे ऐकून हसू येणारच.

त्यांचे हसणे मला पुरते पटले नाही, आणि डॉक्टरांचे सांगणेही पुरते पटले नाही. श्रम हा व्यायाम आहे की नाही? जर्मन संशोधकांच्या त्या छाननीत दोन्हींचा वेगळा हिशेब आहे. फुरसतीतल्या व्यायामाने धोका सुमारे १९ टक्क्यांनी कमी, कामातल्या श्रमांनी सुमारे १० टक्क्यांनी. संशोधकांनी हे दोन्ही आकडे साधारण सारखे धरले आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण २०१८ साली दुसऱ्या एका छाननीत १ लाख ९३ हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी पाहिल्या गेल्या, त्यात कामावर जड श्रम करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचे प्रमाण १८ टक्क्यांनी जास्त निघाले. तीच हालचाल फुरसतीत केली तर आयुष्य वाढते आणि कामावर केली तर घटते! विद्वानांनी याला 'विरोधाभास' असे नाव दिले आहे. माझ्या आईला यात काही विरोध दिसणार नाही. कापूस वेचणारी बाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत कमरेत वाकलेली असते. तिचे हृदय जोराने धावावे अशी त्यात एकही घटका नाही, आणि तिची कंबर सरळ व्हावी अशीही नाही. व्यायाम करणारा माणूस दमला की थांबतो; मजूर मुकादमाने थांब म्हटले की थांबतो. एक घाम गाळून सावलीत बसतो, दुसरा त्याच घामात दुपारची भाकर खातो. चंद्रपूरचा उन्हाळा ४७ अंशांच्या पुढे जातो तेव्हा हा फरक साधा राहत नाही.

म्हणून 'आमचा व्यायाम वावरातच होते' हे आपल्या आईवडिलांचे म्हणणे मला अर्धेच खरे वाटते. आणि 'तुमच्या लोकांना व्यायामाची काय गरज, तुम्ही तर कष्टाळू' हे शहरातल्या पाहुण्यांचे म्हणणे तर मुळीच खरे वाटत नाही. ते बोलायला गोड आहे एवढेच.

आता विडीकडे येतो, कारण तिला बाजूला ठेवून या रोगाविषयी बोलणे म्हणजे पूर आलेला असताना नळाची गळती मोजणे आहे. २०११ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांना मूत्राशयाचा कर्करोग होण्याचा धोका कधीही न ओढणाऱ्यांच्या चौपट आढळला. रोगाच्या एकूण रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांमागे तंबाखूचा धूर होता. धूर तर फुप्फुसात जातो, मग मूत्राशयाचा काय संबंध? धुरातली विषारी द्रव्ये रक्तात उतरतात, मूत्रपिंडे ती गाळून लघवीत टाकतात, आणि ती लघवी तासन्‌तास मूत्राशयात साठून राहते. त्याच जातीची द्रव्ये रंगाच्या कारखान्यांतही होती. १८९५ साली फ्रँकफुर्टच्या लुडविग रेन या शल्यचिकित्सकाने रंग-कारखान्यातील कामगारांत मूत्राशयाच्या गाठी दाखवून दिल्या, तेव्हापासून हा रोग कामगारांचा रोग म्हणूनही ओळखला जातो. (रोगाचे आणखी एक कारण म्हणजे पाण्यातून शिरणारा एक कृमी. इजिप्तमध्ये त्याने फार माणसे नेली. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात १९५२ साली अशाच कृमीचे रुग्ण सापडले होते. आपल्या भागात तसे नाही, म्हणून ते येथेच सोडते.)

चौपट धोका एकीकडे आणि १३ किंवा १५ टक्क्यांचा दिलासा दुसरीकडे. मैदानाला दहा फेऱ्या मारून बाहेरच्या टपरीवर विडी शिलगावणाऱ्याने हा हिशेब स्वतः करावा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत भारतातील ७.७ टक्के प्रौढ विडी ओढत होते, सिगारेट ओढणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट. आणि विडीचे पान कोठून येते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. मे महिन्यात आपल्या वर्गातले कितीतरी जण तेंदूपत्ता तोडायला जातात. पुडे बांधून बांधून बोटे काळी होतात. त्या पैशातून प्रवेशाची फी भरली जाते. ज्या पानाने मुलाला महाविद्यालयात आणले त्याच पानाने बापाला दवाखान्यात नेले, असे एकाच घरात घडू शकते. तेंदू तोडू नका असे म्हणण्याचा अधिकार मला नाही, आणि दुसरे काम हाती दिल्याशिवाय तो कोणालाच नाही. पण त्या पानाची सुरळी पुढे काय करते, हे तोडणाऱ्याला माहीत असावे. आपल्या शेजारच्या गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' नावाने दारू आणि तंबाखूविरुद्ध गावोगाव काम चालले आहे. वर्धा नदीच्या अलीकडे त्याची वार्ता यायला हरकत नव्हती. आपण खर्ऱ्यालाच तेवढे व्यसन म्हणतो. विडी हा म्हाताऱ्यांचा विरंगुळा समजतो.

धूर फक्त विडीचाच नाही. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने डिझेलच्या धुराला फुप्फुसाच्या कर्करोगाचे निश्चित कारण ठरविले आणि मूत्राशयाच्या कर्करोगाशीही त्याचा संबंध असावा, परंतु पुरावा मर्यादित आहे, असे नोंदविले. २००९ च्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चंद्रपूरचा चौथा क्रमांक होता. एका बाजूला खुल्या कोळसा खाणी, दुसऱ्या बाजूला सिमेंटचे कारखाने, आणि मधल्या रस्त्याने धावायचे! मोकळ्या हवेत व्यायाम करा म्हणणाऱ्यांनी ती मोकळी हवा कोठे ठेवली आहे, तेही सांगावे.

पाण्याविषयी लिहिताना मला थोडा संकोच होतो, पण लिहिते. १९९९ मध्ये अमेरिकेतील सुमारे ४८ हजार पुरुषांच्या अभ्यासात दिवसाला अडीच लिटरहून अधिक द्रवपदार्थ घेणाऱ्यांत या रोगाचे प्रमाण सव्वा लिटरच्या आसपास किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांच्या जवळजवळ निम्मे आढळले. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत तसे दिसले नाही, म्हणून यावर फार मोठी इमारत उभारता येणार नाही. पण आमच्या गावातल्या बाया कामावर जाताना मुद्दाम पाणी कमी पितात, कारण वावरात आडोसा नसतो. रोजंदारीच्या जागी मुतारी नसते. बसने शिकायला येणाऱ्या मुलीही तेच करतात. कर्करोगाचे राहू द्या, लघवीची जळजळ आणि मूतखडा तर घरोघर आहे, आणि त्यालाही नाव एकच : उन्हाळी. १९४८ च्या कारखाने कायद्याने कामाच्या जागी पिण्याचे पाणी आणि मुतारी सक्तीची केली होती. वावराला आणि ठेकेदाराच्या फावड्याला तो कायदा कधी दिसला नाही. कष्टकऱ्याला व्यायाम सांगण्याआधी तांब्याभर पाणी, सावलीत अर्धा तास आणि एक बंद दार द्या, एवढेच मला म्हणायचे आहे.

राहता राहिले आपण. आपण शिकलो, खुर्चीवर बसू लागलो; आईवडिलांचा घामही आपल्याकडे राहिला नाही आणि शहरातल्यांची फुरसतीची सवयही आली नाही. आपल्या मैदानावर पहाटे गर्दी असते खरी, पण ती पोलीस भरतीची. मुलांचे १६०० मीटर, मुलींचे ८०० मीटर. निवड यादी लागली की जो निवडला गेला तो जातो आणि जो राहिला तोही मैदान सोडतो. वयाची अट संपली की पळणे संपले! धावणे हे नोकरीचे प्रवेशपत्र झाले, याचा दोष मी त्या मुलांना देत नाही. पण आपल्यापैकी जे शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक होतील ते उद्या विडी ओढणारे, बसून काम करणारे आणि कष्टाळू बापाची प्रकृती आपल्यालाही मिळाली आहे अशा भ्रमात वावरणारे असतील. मला ही पिढी मोठ्या बाबांच्या पिढीपेक्षा अधिक धोक्यात दिसते.

ग्रामगीतेत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गावाच्या आरोग्याला स्वतंत्र अध्याय दिला. महाराजांचे देहावसानही १९६८ साली कर्करोगानेच झाले, आणि नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाला आज त्यांचेच नाव आहे. दरवर्षी आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात त्यांचा फोटो लावून आपण गटारे साफ करतो. यंदा गटारांबरोबर आणखी एक काम घ्यावे, असे मी कार्यक्रम अधिकारी सरांना सुचविले आहे. प्रत्येक घरी जाऊन विचारायचे : विडी कोण ओढतो, आणि लघवीत न दुखता रक्त कधी गेले काय. ज्यांचे उत्तर हो येईल त्यांची यादी प्राथमिक आरोग्य केंद्रात द्यायची आणि तपासणी होईपर्यंत पाठपुरावा करायचा. बायांना हे मुलींनी विचारायचे, पुरुषांना मुलांनी. सर म्हणाले, मुले असा प्रश्न विचारायला लाजतील. म्हणून आम्ही सहाजणींनी आधी आपापल्या घरी विचारून पाहायचे ठरविले. पाच घरांची उत्तरे आली आहेत. त्यांत दोन घरी 'उन्हाळी' निघाली, आणि त्यांतल्या एका आजोबांना येत्या सोमवारी तपासणीला नेणार आहोत.