मेयॉन : लाव्ह्यापेक्षा छावणीची काळजी मोठी

फिलिपिन्समधील मेयॉन ज्वालामुखी जून २०२३ मध्ये पुन्हा धगधगू लागला. ८ जून २०२३ रोजी तेथील ज्वालामुखी संस्थेने धोक्याची पातळी पाचपैकी तीनवर नेली आणि ११ जूनच्या रात्रीपासून लाव्हा उतारावर ओघळू लागला. शिखराभोवतीचा सहा किलोमीटरचा पट्टा तिथे कायमचा प्रतिबंधित आहे. तरीही त्यात शेती आणि वस्ती आहेच. तिथल्या सुमारे २०,००० लोकांना तेव्हा छावण्यांत हलवण्यात आले.

सुमारे २,४६० मीटर उंचीचा मेयॉन जवळजवळ परिपूर्ण शंकूच्या आकारासाठी प्रसिद्ध आहे. एकाच मध्यवर्ती मुखातून आलेला लाव्हा आणि राख यांचे थर चहूबाजूंनी सारखे साचत गेले, म्हणून हे सौंदर्य. धोकाही म्हणूनच चहूबाजूंना आहे. शिखरापासून सगळ्या दिशांना घळी उतरतात आणि त्यांतली कोणतीही मृत्यूची वाट ठरू शकते.

रात्री दिसणाऱ्या लाव्ह्याच्या लाल रेघा भीतिदायक वाटतात. पण लाव्हा सावकाश येतो, माणसाला त्याच्यापासून दूर जाता येते. शेकडो अंश तापलेल्या वायू आणि राखेचा लोट मात्र ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने खाली येतो. १९९३ मध्ये घळीलगत भाजीपाला पिकवणारे सत्तरहून अधिक लोक अशाच लोटात गेले. १८१४ च्या उद्रेकात सुमारे १,२०० माणसे दगावली. कागसावा गावच्या चर्चचा मनोरा आज त्याची खूण म्हणून उभा आहे. २००६ च्या नोव्हेंबरात तर उद्रेक थांबलेला असताना वादळी पावसाने साचलेली राख चिखल होऊन गावांवर आली आणि हजाराच्या घरात बळी गेले.

ज्वालामुखीची राख चुलीतल्या राखेसारखी मऊ नसते. ती खडक आणि काचेची बारीक पूड असते. तिने डोळे चुरचुरतात, खोकला येतो, दम्याच्या रुग्णाला झटका येऊ शकतो. चेहऱ्यावर नीट बसणारा एन-९५ मास्क वापरावा, दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात, राख झाडण्याआधी हलके पाणी शिंपडावे आणि डोळे चोळण्याऐवजी धुवावेत.

आरोग्याची खरी कसोटी मात्र छावणीत लागते. १९९१ मध्ये फिलिपिन्समध्येच पिनाटुबोचा महाउद्रेक झाला. वेळीच केलेल्या स्थलांतरामुळे हजारो जीव वाचले, पण नंतर छावण्यांत गोवर, जुलाब आणि न्यूमोनियाने शेकडो माणसे गेली. त्यांत आएटा आदिवासींची लहान मुले मोठ्या संख्येने होती. डोंगरापासून वाचलेली मुले गर्दी, अपुरे पाणी आणि न मिळालेली लस यांमुळे दगावली.

मेयॉनचे उद्रेक अनेकदा महिनोन्‌महिने चालतात. एवढा काळ एका खोलीत अनेक कुटुंबे राहणार असतील, तर पहिल्याच दिवसांत गोवराची लस आणि ‘अ’ जीवनसत्त्व, पुरेशी स्वच्छतागृहे, शुद्ध पाणी आणि क्षयरोग, रक्तदाब, मधुमेहाची अखंड औषधे ही सोय व्हायला हवी. गुरांसाठी चारा आणि निवाराही त्याच यादीत हवा, कारण म्हैस मागे राहिली की शेतकरी तिच्यासाठी प्रतिबंधित पट्ट्यात परततो.

माणसे बाहेर काढली की बातमी संपते. आरोग्य यंत्रणेचे काम तिथून सुरू होते.