पेन्सिलीचे ऋण

उज्जैनमध्ये राहून अंकपात ठाऊक नाही असा मनुष्य विरळा. सांदीपनी ऋषींच्या आश्रमात श्रीकृष्ण, बलराम आणि सुदामा विद्या शिकले, पाटीवर लिहिलेले अंक त्यांनी येथील कुंडात धुतले आणि म्हणून या स्थानास अंकपात हे नाव पडले, अशी आपल्या नगरीची परंपरागत श्रद्धा आहे. वसंतपंचमीस लहान मुलांना तेथे नेऊन त्यांचा विद्यारंभ करण्याची प्रथा आजही पाळली जाते. आपल्या मराठी घरांतून तर दसऱ्यास पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून तिची पूजा होते. पाटी हे आपल्या दृष्टीने विद्येचे पहिले रूप होय. परंतु त्या पाटीवर जी पेन्सिल चालली ती कोठून आली आणि ती घडविणाऱ्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांनी स्वतःस विचारला असेल?

ती पेन्सिल फार दुरून आलेली नव्हती. आपल्याच माळव्यात, आपल्याच उज्जैन विभागात मंदसौर हा जिल्हा आहे. तेथील भूमीत मऊ, थरांचा दगड सापडतो. तो खाणीतून काढावयाचा, विजेवर फिरणाऱ्या गोल करवतीने त्याच्या बारीक कांड्या कापावयाच्या आणि त्या पेट्यांत भरून देशभर पाठवावयाच्या, हा मंदसौर व मुलतानपुरा या परिसराचा मोठा धंदा होता. करवत दगडावर टेकली की पिठासारखी धूळ उडे. ती कामगारांच्या केसांवर आणि कपड्यांवर बसे, तशीच श्वासावाटे छातीतही जाई.

या धुळीत सिलिका असते. गारगोटी आणि वाळू जिची बनलेली असते तीच ही वस्तू. तिचा डोळ्यांना न दिसणारा कण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतो आणि तेथेच राहतो. त्याच्याभोवती व्रणासारख्या कठीण गाठी बनतात, श्वास अपुरा पडू लागतो आणि क्षयाला वाट मोकळी होते. या रोगास सिलिकोसिस म्हणतात. त्यावर औषध नाही. धुळीचे काम सोडल्यावरही तो वाढत राहू शकतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मंदसौरच्या ५९३ स्लेट-पेन्सिल कामगारांची तपासणी केली. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणे त्यांपैकी ३२४ जणांना, म्हणजे शेकडा ५४ हून अधिकांना, सिलिकोसिस झालेला होता. आपण ज्या कांडीने ‘ग’ गिरविला, ती कापणाऱ्या दोघांपैकी एकाचे फुप्फुस दगडावले होते, असा या आकड्यांचा सरळ अर्थ आहे. मध्य प्रदेश शासनाने १९८२ साली या कामगारांसाठी स्वतंत्र कल्याण निधीचा कायदा केला, यावरूनही दुःखाचे मान लक्षात यावे.

इतके वाचून कोणी म्हणेल की, हा फुप्फुसाचा रोग झाला आणि तो सर्वांना माहीत आहे. तथापि धुळीचा अपराध फुप्फुसापाशी संपत नाही, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहिला आहे.

आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक सेना असते. कधी कधी ही सेना आप-पर भाव विसरते आणि स्वतःच्याच शरीरावर शस्त्र धरते. अशा विकारांस ऑटोइम्यून रोग म्हणतात. मराठीत त्यांना स्वयंप्रतिकारी रोग म्हणता येईल. हातापायांची बोटे वाकडी करणारा आमवात, त्वचेपासून मूत्रपिंडापर्यंत अनेक अवयवांस पोळणारा ल्युपस आणि कातडी चामड्यासारखी ताठ करणारा स्क्लेरोडर्मा ही त्यांची काही रूपे आहेत. हे रोग बहुधा दीर्घकाळ सोबत करतात आणि स्त्रियांत अधिक आढळतात.

१९१४ साली एडिंबरो येथील डॉक्टर ब्रॅमवेल यांच्या असे ध्यानात आले की, आपण पाहिलेल्या स्क्लेरोडर्माच्या नऊ रुग्णांपैकी पाच जण पाथरवट आहेत. हाती सतत थंड छिन्नी धरल्याचा हा परिणाम असावा, असे त्यांना वाटले. निरीक्षण अचूक होते. दोष मात्र छिन्नीच्या पदरी गेला आणि धूळ सुटली. पुढे १९५३ साली वेल्समधील आमवाताच्या कोळसा-खाणकामगारांच्या छातीत डॉक्टर कॅपलन यांना निराळ्याच गाठी दिसल्या. १९५७ साली डॉक्टर इरॅस्मस यांनी दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणीत काम करणाऱ्यांत स्क्लेरोडर्माची नोंद केली. त्यानंतर अनेक देशांतील संशोधनातून सिलिकेची धूळ आणि आमवात, ल्युपस व स्क्लेरोडर्मा यांचा संबंध पुनःपुन्हा दिसून आला आहे. पर्यावरणातील ज्या थोड्या पदार्थांविषयी या बाबतीत शास्त्रज्ञ बऱ्याच निश्चयाने बोलतात, त्यांत सिलिका अग्रभागी आहे.

हे कसे घडत असावे? फुप्फुसात आलेला परका कण गिळून टाकणे हे आपल्या शरीरातील भक्षक पेशींचे काम असते. जंतू त्या पचवितात. गारगोटीचा कण मात्र त्यांना पचत नाही. उलट तो पेशीच्या आतील पाचक पिशवीच फोडतो. पेशी मरते, कण पुन्हा मोकळा होतो आणि दुसरी पेशी त्याला गिळावयास येते. हे चक्र वर्षानुवर्षे चालते. दाह शमत नाही आणि मृत पेशींच्या पोटातील द्रव्ये संरक्षक सेनेपुढे सतत येत राहतात. अशा गोंधळात एखाद्याची सेना त्या स्वकीय द्रव्यांनाच शत्रू समजू लागते. एखाद्याचीच, सर्वांची नव्हे. कारण जन्मतः लाभलेली शरीराची ठेवणही येथे आपले कार्य करीत असते.

पण म्हणून सारा भार रक्तावर आणि नशिबावर टाकून मोकळे होता येणार नाही. अगदी एकसारख्या जुळ्या भावंडांपैकी एकास आमवात झाला, तर दुसऱ्यास तो होण्याचे प्रमाण सुमारे सातांत एक एवढेच आढळते. रक्त एक असूनही भाग्य वेगळे होते, याचा अर्थ बाहेरचेही काही कारण असले पाहिजे. तंबाखूचा धूर हे त्यांपैकी एक कारण आहे. धूम्रपान करणाऱ्यास आमवाताचा धोका अधिक असतो आणि विशिष्ट आनुवंशिक ठेवण असणाऱ्यास तर तो पुष्कळच वाढतो, हे स्वीडनमधील संशोधनाने दाखविले आहे. स्पेनमध्ये १९८१ साली उद्योगासाठी ॲनिलीन मिसळलेले मोहरीवर्गीय बियांचे तेल खाण्याचे म्हणून विकले गेले. त्यामुळे सुमारे २०,००० लोक आजारी पडले, तीनशेहून अधिक मृत्यू पावले आणि वाचलेल्यांपैकी काहींची कातडी स्क्लेरोडर्मासारखी ताठर झाली.

येथे एक सावधगिरीचा शब्द सांगितला पाहिजे. आमवाताचा प्रत्येक रुग्ण धुळीनेच आजारी पडला असे समजणे चुकीचे आहे. ‘शरीरातील सर्व विष काढून देतो’ अशी जाहिरात करणाऱ्याच्या काढ्यामागे धावणे तर त्याहून घातक होय, कारण त्या नादात खरे औषध थांबते. संबंध दिसणे निराळे आणि एका विशिष्ट रुग्णाच्या बाबतीत कारण सिद्ध होणे निराळे, हा विवेक विज्ञानाच्या विद्यार्थ्याने कधीही सोडू नये.

परंतु याच विवेकाचे ढोंग करून काही जण म्हणतात, ‘पुरावा पुरा होऊ द्या, मग पाहू.’ हे मात्र मला मान्य नाही. सिलिकेची धूळ फुप्फुस नासविते याला आता कोणत्या पुराव्याची उणीव आहे? १९४८ च्या कारखाना अधिनियमातच सिलिकोसिसची नोंद शासनाला कळवावयाच्या रोगांत होती. दगड ओला ठेवून कापावा, करवतीपाशीच धूळ ओढून घेणारा पंखा बसवावा, काम बंदिस्त जागी चालवावे आणि एवढे करूनही जी धूळ उरेल तिच्यासाठी योग्य मुखवटा द्यावा. फुप्फुस वाचविणारे हेच उपाय सांधे, कातडी आणि मूत्रपिंडही वाचवितील. तेव्हा शेवटच्या पुराव्यासाठी थांबण्याने कोणाचे हित होत असेल तर ते धूळ उडविणाऱ्याचे होते, श्वास घेणाऱ्याचे नव्हे. शिवाय दगडकामगारांची छाती तपासताना त्यांची बोटे, सांधे व त्वचाही पाहण्याचा प्रघात पडावा, असे मला आग्रहाने सुचवावेसे वाटते.

पाटी-पेन्सिल आता मागे पडली. पण धूळ गेलेली नाही. आपल्या घरांत बसणारी फरशी घराच्या दाराशीच कोरडी कापली जाते, तेव्हा शेजारची मुले कौतुकाने पाहत उभी राहतात. स्वयंपाकघरातील ओट्यासाठी गारगोटीच्या भुकटीपासून बनविलेला कृत्रिम दगडही अनेक देशांत लोकप्रिय झाला. तो कापणाऱ्या कामगारांत सिलिकोसिसबरोबरच स्वयंप्रतिकारी रोगही इस्राएलमधील डॉक्टरांना आढळले. ऑस्ट्रेलियाने तर १ जुलै २०२४ पासून त्या दगडाच्या वापरावरच बंदी घातली. उंबरठ्यावर पाण्याची एक बादली आणून ठेवणे आणि ‘दगड भिजवून कापा’ असे कारागिरास सांगणे, एवढे तरी प्रत्येक घरास शक्य आहे.

विद्यार्थिमित्रहो, तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी, १७०० साली, रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. रुग्णास वैद्य जे प्रश्न विचारतात त्यांत आणखी एका प्रश्नाची भर घालावी, असे त्याने त्यात सुचविले. तो प्रश्न म्हणजे, तुम्ही काम कोणते करता? तुमच्यापैकी काही जण उद्या डॉक्टर होतील, काही अभियंते होतील, काही घर बांधतील आणि पुष्कळ जण नुसते विकत घेणारे होतील. तुम्ही कोणीही व्हा, हा प्रश्न विसरू नका. डॉक्टरने तो रुग्णास विचारावा आणि विकत घेणाऱ्याने वस्तूस विचारावा, की तुला घडविताना कोणाच्या श्वासात काय गेले?

अंकपातावर धुतलेले अंक पाण्याबरोबर वाहून गेले. ज्या पेन्सिलीने आपण अक्षर शिकलो तिची धूळ मात्र कोणाच्या तरी छातीत राहिली. ते ऋण आता त्यांना फेडता येणार नाही. पण आज जे हात दगड कापीत आहेत त्यांच्यापुरते तरी ते फेडणे आपल्या हाती आहे.