ज्वारीचा रोल आहे, पण तवा कुठला?

बसस्टँड ते कॉलेज या रस्त्यावर फ्रँकी-रोलच्या गाड्या किती झाल्यात, एकदा मोजून बघा. धंदा चालतोय, पोरं कामाला लागली, चांगलंच आहे. फक्त एवढंच विचारतो, ज्याला गहू चालत नाही त्यानं तिथं काय खायचं?

"ही श्रीमंतांची थेरं" असं म्हणायची घाई करू नका. वजन कमी करायला पोळी सोडणारे वेगळे. मी बोलतोय सिलिॲक या आजाराबद्दल. गहू, जव यातलं ग्लूटेन पोटात गेलं की या माणसाची स्वतःचीच प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर उठते. जुलाब, पोट फुगणं, रक्त कमी होणं, लहान मुलांची तर वाढच खुंटते. गोळी नाही, इंजेक्शन नाही. जन्मभर ग्लूटेन बंद, एवढाच इलाज. आणि आपल्याकडे पाहुणचाराची रीत अशी, की "एक घास खाल्ला तर काय होतंय?" होतं. एका घासानंही होतं.

फ्रँकी मूळची मुंबईची. बैरूतमध्ये पिटा ब्रेडचे रोल बघून आलेल्या अमरजित सिंग टिब्ब यांनी 1969 साली ती सुरू केली. मैद्याची पोळी, वरून अंडं. म्हणजे पायाच मैद्याचा.

आता काही गाडीवाले सांगतात, "साहेब, ज्वारीचा रोल पण आहे." ऐकून बरं वाटतं. ज्वारीत ग्लूटेन नाही, आणि भाकरी तर आपल्या घरची. पण नुसती ज्वारीची भाकरी गुंडाळली की तुटते, म्हणून पिठात मूठभर कणीक जाते. नाही गेली तरी भाजतात त्याच तव्यावर, उलथनंही तेच. आत सोया सॉस, तो बहुतेक गहू घालूनच बनतो. डबीतल्या हिंगातही बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, डबी उलटी करून वाचा. आणि गिरणीचं काय? गव्हाच्या दळणावर ज्वारी टाकली की संपलंच. आपल्या आयाबाया भाकरी बिघडू नये म्हणून "आधी कुणाचं दळण होतं?" विचारायच्या, तोच प्रश्न इथं तब्येतीचा आहे.

नियम आहेत. एका किलोत 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असेल तर पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहिता येत नाही. 10 किंवा जास्त शाखा असलेल्या हॉटेलांनी ॲलर्जीची माहिती मेनूत द्यायची असते. आपल्या गाडीवाल्याला हे लागू नाही, आणि त्याच्यावर आणखी एक इन्स्पेक्टर सोडा असं मी म्हणणारही नाही. एक लहान तवा, एक उलथनं आणि पीठ मळायची वेगळी परात, खर्च फार नाही. तेही जमत नसेल तर सरळ सांगावं, "दादा, आमच्याकडे सगळ्याला गहू लागतो." खोट्या होकारापेक्षा हा नकार शंभरपट बरा.

आणखी एक. पोराला असा त्रास असेल तर आधी गहू बंद करून बघू नका, डॉक्टरकडे जा. गहू सोडल्यावर रक्ताची तपासणी चुकीची नॉर्मल येऊ शकते.

पुढच्या आठवड्यात या रस्त्यावरच्या गाडीवाल्यांशी बोलणार आहे. कुणी खरंच वेगळा तवा ठेवत असेल तर कळवा, त्याच्या परवानगीनं नाव-ठिकाणासकट छापतो. आणि घरात कुणी पेशंट असेल तर बाहेर काय खाता, तेही लिहा.