'एमेरिटस'चा हिशेब

टाटा सन्सच्या अध्यक्षपदावरून डिसेंबर २०१२ मध्ये निवृत्त झालेले रतन टाटा 'चेअरमन एमेरिटस' झाले. या शब्दाचा संबंध 'मेरिट'शी, म्हणजे गुणवत्तेशी, सहज जोडला जातो. मराठी परिभाषेतही 'एमेरिटस प्रोफेसर'साठी 'गुणश्री प्राध्यापक' असा देखणा प्रतिशब्द आहे. मूळ अर्थ मात्र इतका देखणा नाही. लॅटिनमध्ये 'एमेरिटस' म्हणजे चाकरीची वर्षे पुरी केलेला रोमन सैनिक. गुणांपेक्षा वर्षांचा हिशेब महत्त्वाचा.

आणि तो हिशेब रोकडा होता. सम्राट ऑगस्टसने इ.स.पू. २५ मध्ये अशा सैनिकांसाठी स्पेनमध्ये 'एमेरिटा ऑगस्टा' ही वसाहत वसविली. आजचे मेरिडा शहर ते हेच. पुढे जमिनीऐवजी रक्कम देण्याकडे कल वाढला. इ.स. ५ मध्ये पलटणीतील सैनिकाची सेवा २० वर्षे व निवृत्तीची रक्कम १२ हजार सेस्टर्टियस ठरली. दुसऱ्याच वर्षी स्वतंत्र सैनिकी कोष स्थापून त्यासाठी वारसाहक्काच्या मालमत्तेवर ५ टक्के कर बसविण्यात आला. रोमच्या धनिकांना तो अर्थातच रुचला नाही. तरीही सैनिकांची मुदतीत सुटका होईना, आणि इ.स. १४ मध्ये ऑगस्टसच्या मृत्यूनंतर पॅनोनिया व ऱ्हाइनकाठच्या छावण्यांत बंडे झाली.

विद्यापीठांनी शब्द उचलला, कोष नव्हे. तरी जयंत नारळीकरांसारखे शास्त्रज्ञ २००३ मध्ये आयुकाचे संचालकपद सोडल्यावर तेथेच एमेरिटस प्राध्यापक राहिले, ही या उपाधीची उजळ बाजू.

अडचण होते ती उपाधी सत्तेच्या पदाला चिकटते तेव्हा. बेनेडिक्ट सोळावे २०१३ मध्ये पायउतार होऊन 'पोप एमेरिटस' म्हणवू लागले. चर्चच्या कायद्यात पोपच्या राजीनाम्याची तरतूद होती, माजी पोपच्या दर्जाविषयी मात्र नियम नव्हते. २०२२ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत व्हॅटिकनमध्ये पांढऱ्या वस्त्रांतील दोन व्यक्ती वावरत होत्या.

टाटा समूहात ऑक्टोबर २०१६ मध्ये सायरस मिस्त्री यांना हटवून काही महिने अध्यक्षपदी बसले ते 'एमेरिटस'च. हे बळ अर्थात उपाधीचे नव्हते. टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के भाग हाती असलेल्या विश्वस्त संस्थांचे होते. इन्फोसिसमध्ये २०११ साली हीच उपाधी घेतलेले नारायण मूर्तीही जून २०१३ मध्ये कार्यकारी अध्यक्ष म्हणून परतले होते. निवृत्तीनंतर पुन्हा पाचारण केलेल्या सैनिकासाठी रोमनांकडे 'इव्होकाटस' असा वेगळा शब्द होता. कंपन्यांनी तो अद्याप उचललेला नाही.