कोंबडा आणि करंज्या

वाचकहो, दिवाळी अंकाच्या पानावर नाताळच्या गाण्यांचे काय काम, असे तुम्ही विचाराल. पण दिवाळी अंकातला मजकूर आम्ही मंडळी भर श्रावणात, छत्री दाराशी गळत असताना लिहितो, हे तुम्हाला ठाऊक आहे ना? नाताळच्या तबकड्यांचेही तसेच. डिसेंबरात दुकानात यायचे, तर गाणाऱ्याने कित्येक महिने आधी नाताळ गाऊन ठेवायला हवा. अमेरिकेतले एक फार गाजलेले नाताळगीत तर 1945 साली कॅलिफोर्नियातल्या रणरणत्या उन्हाळ्यात जन्मले. उकाडा विसरावा म्हणून एक गृहस्थ थंडीच्या गोष्टी कागदावर मांडीत बसले होते, आणि मित्र आला तेव्हा त्यांचे गाणे झाले!

तेव्हा सण पंचांगात येतो तेव्हाच येतो असे नाही. आमच्या अक्काची दिवाळी तर गेली बारा वर्षे डिसेंबरात येते. तिचा एकुलता एक मुलगा सॅन फ्रान्सिस्कोजवळ नोकरीला. त्याला सलग रजा मिळते ती नाताळात. म्हणून आश्विनात अक्का लक्ष्मीपूजनापुरते दोन लाडू वळते, आणि खरा घाणा काढते तो मार्गशीर्षात. शेजारणी प्रथम हसल्या. आता चकल्यांची भाजणी मागायला येतात.

गेल्या डिसेंबरात मात्र तो आला नाही. कामाची अडचण निघाली. त्याच्याऐवजी एक पाकीट आले. आत एक कॉम्पॅक्ट डिस्क, नाव ‘अवर हार्ट्स जॉय’, गाणारे ‘चँटिक्लीअर’ नावाचे मंडळ. आणि चार ओळींची चिठ्ठी : ‘यांची मैफल ऐकायला गेलो होतो. तुझी आठवण झाली.’

“हे कोण?” अक्काने विचारले.

“कोंबडा,” मी म्हणालो.

थट्टा नव्हे. चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये खड्या आवाजाचा एक कोंबडा आहे, त्याचेच नाव या मंडळाने घेतले. 1978 साली लुई बोट्टो नावाच्या गायकाने ते सॅन फ्रान्सिस्कोत उभे केले. संगीताचा अभ्यास करताना त्याच्या ध्यानात आले, की चारपाचशे वर्षांपूर्वीची जी सुरेल रचना आपण पोथ्यांतून शिकतो ती प्रत्यक्षात फारशी कोणी गातच नाही. मग मित्र जमवले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये गावातल्या जुन्या मिशन डोलोरेस चर्चमध्ये पहिली मैफल केली. पुढे 1997 साली एड्सने बोट्टो गेला. मंडळ गातच राहिले.

बारा पुरुष. पेटी नाही, तंबोरा नाही, समोर काठी हलवणारा कोणी नाही. बारांतले सहा जण बायकांच्या पट्टीत गातात. जुन्या काळी चर्चच्या गायनात स्त्रियांना मज्जाव असे, म्हणून वरचे सूर मुले आणि पुरुष सांभाळीत. तीच रीत यांनी उचलली. ज्या महाराष्ट्राने बालगंधर्वांची भामिनी आणि रुक्मिणी डोक्यावर घेतली, त्याला याचे नवल वाटायचे कारण नाही. फरक इतकाच, की गंधर्व आपल्याच गळ्याने गात; हे लोक नेहमीचा आवाज बाजूला ठेवून मुद्दाम कमावलेला, पातळ, उंच आवाज लावतात. पहिल्या दोन मिनिटांत कानाला तो परका वाटतो. नंतर गाणारा बाप्या की बाई, हा प्रश्नच उरत नाही.

आमचे एक स्नेही आहेत, गाण्यातले दर्दी. तबकडी पाहताच म्हणाले, “सणाचं गाणं म्हणजे गल्ला भरायचा धंदा. त्यात कसलं आलंय शास्त्रीय?” दर्दी माणसांचे हे एक दुखणे आहे. जे पुष्कळांना आवडते ते त्यांच्या मते नासते. मला उलट वाटते. एरवी सोळाव्या शतकातल्या लॅटिन रचनेसाठी किती माणसे घराबाहेर पडतील? पण नाताळ म्हटला की चर्च भरते. अंधारात मेणबत्त्या घेऊन हे बारा जण जुने एकसुरी स्तोत्र म्हणत आत येतात, आणि नातवाला घेऊन आलेली आजी तासभर जुन्या पोथ्यांतले संगीत ऐकून घरी जाते. शेवटी अमेरिकेतल्या निग्रो गुलामांच्या वंशाने जपलेली भक्तिगीतेही होतात. ती बांधली जोसेफ जेनिंग्ज या त्यांच्याच जुन्या संगीत-दिग्दर्शकाने. पंडिती आणि लौकिक यांना एका पंगतीला बसवायची ताकद सणातच असते. मी हे स्नेह्यांना सांगितले. त्यांनी चहा मागितला.

तबकडीवरच्या एका गाण्याची कथा मात्र सांगितलीच पाहिजे. फ्रान्झ बीब्ल हा जर्मन संगीतकार दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांच्या हाती सापडला आणि मिशिगनमधल्या छावणीत कैदी म्हणून राहिला. सुटून गेल्यावर म्युनिकजवळच्या एका गावी चर्चमधले गाणे सांभाळू लागला. तिथे गाणाऱ्यांत एक आगीच्या बंबावरचा जवान होता. तो म्हणाला, आमच्या बंबवाल्यांच्या गायनमंडळासाठी काहीतरी करून द्या! बीब्लने ‘आवे मारिया’ करून दिले. मायदेशी त्याची फारशी वाहवा झाली नाही. पण 1970 साली अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठाची गाणारी मुले बव्हेरियाच्या रेडिओवर गेली, तिथून ते घेऊन परतली; आणि पुढे चँटिक्लीअरने ते घरोघर पोहोचवले. ज्या देशाने त्याला कोंडून ठेवले, त्याच देशात त्याचे गाणे मोठे झाले.

यात तिघांचा एक गट, बाकीच्यांचा दुसरा. मधून एकच आवाज सरळ, साधे वचन म्हणतो. मग दोन्ही गट एकमेकांच्या सुरावर सूर ठेवीत उत्तर देतात. असे तीन वेळा. ही मूळ प्रार्थना दिवसातून तीनदा घंटेबरोबर म्हणायची. त्यातली एक वेळ तिन्हीसांजेची.

योगायोग असा, की आम्ही तबकडी लावली तीही तिन्हीसांजेलाच. अक्का निरांजनात वात घालत होती. गाणे सुरू झाले, आणि तिचा हात तसाच राहिला.

“कोणाला म्हणतात हे?”

“येशूच्या आईला.”

ती काही बोलली नाही. गाणे संपल्यावर म्हणाली, “परत लाव.” परत लावले. मग निरांजन लावून झाल्यावर एकदम तिने विचारले, “भाऊ, ही पोरं डिसेंबरभर गावोगाव गातच फिरत असतील, नाही का रे?”

“हो. तोच त्यांचा हंगाम.”

“मग यांच्या आया?”

मी तबकडीचे वेष्टन उगाच उलटसुलट करून पाहिले. त्यावर ते छापलेले नव्हते. अक्का उठली, फडताळातून करंज्यांचा मोठा डबा काढला, आणि एकेक करंजी कागदात गुंडाळू लागली.

“तो कुरिअरवाला किलोला काय घेतो, विचारून ये,” ती म्हणाली. “आणि चकल्या मोडणार नाहीत असं खोकं बघ.”