शेवटचं कडवं कापू नका

तुकडोजी महाराजांची गाणी 'भक्ती'च्या खान्यात टाकणाऱ्याने ती ऐकलेली नाहीत. ऐकली असती तर हात थांबला असता. गाण्यांचं कुठलंही अ‍ॅप उघडा. आरत्या, चालिसा, झोप लागण्यासाठी मंत्र, आणि त्यांच्या मधोमध एक गाणं, जे मनात भाव नसताना देवाकडे नुसतं मागत सुटणाऱ्या भक्ताची सालटी काढतं. झापणारा आणि ज्याला झापलंय तो, दोघं एकाच प्लेलिस्टमध्ये सुखाने नांदतायत.

मी पोटासाठी डेटाबेस सांभाळतो, म्हणून सांगतो, खाना ही किरकोळ गोष्ट नाही. कोणाला काय ऐकू जाणार हे तोच ठरवतो. 'भक्ती' लिहिलं की ते गाणं पहाटे पाच वाजता तुमच्या बाबांच्या फोनवर जातं, आणि पंचविशीच्या पोराच्या फोनवर ते कधीच येत नाही. बुवाबाजी, जातपात, हुंडा, दारू यांच्यावर आयुष्यभर तुटून पडलेला माणूस अशा रीतीने अगरबत्तीच्या जाहिरातीशेजारी जाऊन बसतो.

मी अकोल्याचा, इंजिनिअरिंग अमरावतीत. आमच्या होस्टेलवर जपानी अ‍ॅनिमेची शीर्षकगीतं अख्खी पाठ असलेली पोट्टी होती. एका शब्दाचा अर्थ माहीत नाही, पण उच्चार चोख. त्याबद्दल तक्रार नाही, मलाही ती आवडतात. राग येतो तो पुढच्या वाक्याचा: "मराठीत असं काही नाही ना बे. स्वतः लिहिणारा, स्वतः चाल लावणारा, स्वतःच गाणारा." अरे बाप्पा, काहून नाही? यावली याच जिल्ह्यातलं गाव. १९०९ साली तिथे जन्मलेला, शाळा तिसरीत सुटलेला माणूस मराठी आणि हिंदी दोन्हींत गाणी लिहीत होता, चाली बांधत होता आणि हातात खंजिरी घेऊन हजारो लोकांसमोर गात होता. जपानचंच म्हणाल, तर १९५५ मध्ये विश्वधर्म परिषदेसाठी ते तिथेही जाऊन आले.

"पण संगीत फारच साधं आहे," असं एक सुशिक्षित नाक मुरडणं असतं. साधं आहेच, आणि ते ठरवून साधं आहे. ऐकणाऱ्याला वाचता येत नाही, माईकची खात्री नाही, तालमीला वेळ नाही, आणि तरी पहिल्याच रात्री अख्ख्या गावाने गायला हवं. या अटींवर गाणं बांधून बघा. एकाने ओळ म्हणायची, सगळ्यांनी ती उचलायची. वाद्य एका हातात मावेल असं, दुसऱ्या हाताने थाप मारायची, आणि झांजा त्यातच बसवलेल्या. रॉकवाले तीन कॉर्डमध्ये गाणं बसवतात तेव्हा आपण त्याला ताकद म्हणतो. खंजिरीवर तेच झालं की गावठी?

आणि ही गाणी निरुपद्रवी होती असं इंग्रज सरकारला तरी वाटलं नव्हतं. ऑगस्ट १९४२ मध्ये आष्टी आणि चिमूर पेटलं, त्याआधी या भागात त्यांची भजनं घुमत होती. त्यांना अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. भजन म्हणणाऱ्याला कोण तुरुंगात टाकतं? ज्याला त्या भजनाचा अर्थ कळलाय तो. आपल्या अ‍ॅपवाल्यांपेक्षा तो इंग्रज अधिकारी बरा श्रोता होता म्हणायचा.

दुसरी बाजू मला ठाऊक आहे. मोझरीला पुण्यतिथीला ४ वाजून ५८ मिनिटांनी, त्यांनी देह ठेवला त्या वेळेला, अफाट गर्दी जागच्या जागी मौन उभी राहते. त्यांच्यापैकी कोणी म्हणेल, आमच्या राष्ट्रसंताला तू गीतकार-गायकांच्या रांगेत बसवतोस, हा अपमान आहे. मला उलट वाटतं. आपण त्यांना पुतळा दिला, चौक दिला, २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला नाव दिलं, ज्याची विद्यार्थ्यांनी लगेच 'आरटीएमएनयू' अशी पाच अक्षरं केली. कवी म्हणून मात्र काही दिलं नाही. 'ग्रामगीता' कपाटात पूजेला, आणि गाणी बिननावाची.

बिननावाची म्हणजे अक्षरशः. सुरेश भटही अमरावतीचेच. 'सिंहासन' आणि 'उंबरठा'मधली त्यांची गाणी आशाबाई आणि लताबाईंची म्हणून शोधली जातात, कारण पडद्यावर ठळक नाव गाणाऱ्याचं असतं. पण ते निदान आत कुठेतरी सापडतात. तुकडोजींच्या कित्येक गाण्यांखाली 'पारंपरिक' असं लिहिलेलं मी वाचलंय. पारंपरिक? ज्याचा कर्ता १९६८ पर्यंत हयात होता ते? तांत्रिक अडचणही नाही. रेकॉर्डिंगचा क्रमांक वेगळा, रचनेचा क्रमांक वेगळा, अशी जगभर चालणारी व्यवस्था आहे. रकाना आहे, भरायचा कंटाळा आहे.

गंमत अशी की त्यांनी हा प्रश्न आधीच सोडवून ठेवला होता. जुन्या संतांच्या रीतीने शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफलं. 'तुकड्यादास' हे नाव गाण्याच्या आतच बसवलंय, कुठल्याही डेटाबेसवर भरवसा न ठेवता. आणि आपण काय करतो? रील तीस सेकंदांचं, डीजेचं रिमिक्स दोन मिनिटांचं, त्यात पहिल्यांदा उडतं ते शेवटचं कडवं. म्हणजे सही.

घाई एवढ्यासाठी की भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा कॉपीराइट मृत्यूनंतरच्या वर्षापासून मोजून साठ वर्षांनी संपतो. इथे तो ३१ डिसेंबर २०२८. दुसऱ्या दिवसापासून त्यांची हयातीत छापली गेलेली गाणी कोणीही वाजवावीत, मोडावीत, नव्याने बांधावीत. मला त्याचा आनंदच आहे. गिटारवर, रॅपमध्ये, अगदी डीजेवरही वाजू देत. पण त्या दिवशी ज्या नोंदी असतील त्याच पुढे हजार ठिकाणी चिकटवल्या जाणार, आणि 'पारंपरिक' हा शब्द एकदा पसरला की पुसायला कोणी बसत नाही.

म्हणून एक साधी शीट उघडली आहे. रकाने चार: गाणं, पहिल्यांदा कुठल्या पुस्तकात छापलं, कोणी गायलं, शेवटचं कडवं आहे की कापलंय. वऱ्हाडात गावोगावी गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेला बसणारे आजोबा आहेत, त्यांच्या भजनाच्या वह्या आहेत. तुमच्या घरात असली वही असेल, तर येत्या सुट्टीत गावी गेल्यावर तिचे फोटो काढा. पहिल्या पानापासून नको. प्रत्येक गाण्याच्या शेवटापासून सुरुवात करा.