स्थगिती नसता दर तहकूब कसा?

संपादक महाशय,

लातूर-नांदेडच्या डाळ गिरण्यांतील मजुरांनी किमान वेतनाच्या वादात निकाल लागेपर्यंत सबुरी धरावी, तोवर मालकांवर जुन्याच दराचे बंधन आहे, असे आपल्या पत्रात जे प्रतिपादन झाले, ते कायद्यास धरून नाही. केवळ याचिका गुदरल्याने नव्या दराची अधिसूचना तहकूब होत नाही. त्यास स्थगितीचा स्वतंत्र हुकूम लागतो, आणि तो नसेल तर नवा दर अमलाच्या तारखेपासून देय होतो. डाळ गिरणी तर १९४८ च्या किमान वेतन अधिनियमाच्या मूळ अनुसूचीतच होती. हे लचांड काल उपटलेले नव्हे. ऐपतीची सबब सर्वोच्च न्यायालयाने बिजय कॉटन मिल्सच्या खटल्यात १९५४ सालीच अमान्य केली, आणि १९८२ मध्ये किमान दराहून कमी मजुरीस वेठ म्हटले. राहिली मजुराची राजीखुशी. मी एका आडतीवर मुनीम होतो. कोऱ्या मस्टरवर अंगठा आधी उठे, रक्कम मागाहून भरली जाई. असा कमी मजुरीचा करार त्या अधिनियमाच्या कलम २५ ने रद्दबातलच ठरविला होता. आणि ज्या कायद्याखाली हा वाद उभा राहिला, त्याने दाव्यास सहाच महिन्यांची मुदत दिली, हे सबुरीचा उपदेश करताना आपल्या लेखकांनी का वगळले?

आपला,
एक निवृत्त मुनीम, नांदेड